धुतलेली दोरी

सगळे त्यांना मैदानकाका म्हणत. क्लबचं फुटबॉलचं मैदान त्यांनी पोटच्या लेकरासारखं जपलेलं. यंदा संघ वरच्या स्पर्धेत गेला होता, पण घरचे सामने घरी खेळायचे तर मैदान नियमाच्या मापात बसायला हवं. आज तपासनीस यायचे होते. रुंदी कमी भरली तर सामने दुसरीकडे, आणि मग इथे माणूस ठेवायचाच कशाला, असं सेक्रेटरी आधीच ऐकवून गेले होते.

सकाळी काका गोलच्या मागे उभे राहिले. पलीकडच्या कोपऱ्यातला झेंडा गोलकडे सरकल्यासारखा दिसत होता. जवळ जाऊन वाकले, तर काल मारलेल्या पांढऱ्या रेषेच्या बाहेर, गवतात, गेल्या वर्षीच्या रेषेचा पिवळट माग. रुंदी ते कायम एकाच सुती दोरीने मोजत. दोरी तीच होती. पण किती शुभ्र! काल घाईत ते जाणवलंच नव्हतं.

घर मैदानाला लागूनच. काका दोरी घेऊन आत गेले. काकू देवापुढची निरांजनं पुसत होत्या. "अहो, चुन्याने नुसती काठीसारखी ताठ झाली होती. म्हटलं, मोठी माणसं यायचीत, दोरी तरी स्वच्छ असावी. चांगली उकळून काढली."

"अगं, ती आटली. रेषा आत आली," काका म्हणाले.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. काकांनी काही लपवलं नाही. झालं ते तपासनीसांना सांगून टाकलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"काका, मी टेप लावेन तेव्हा जी रेषा असेल, ती मोजेन. आधी खेळाडूंच्या खोल्या बघतो."

काकांनी चुन्याची गाडी पिवळ्या मागावरून ढकलायला घेतली. पण आतली चुकीची रेषा तशीच दिसत होती, त्याचं काय? मागे बादली आदळली. काकूंनी पदर खोचला होता.

"दोरी मीच धुतली ना? मग हेही मीच धुते."

गुडघ्यांवर बसून त्या मैदान ओट्यासारखं घासत सुटल्या. ओठांवर देवाचं नाव. काका मागून कापलेलं गवत पसरत गेले.

टेप ताणली गेली. तपासनीस या टोकाला वाकले, चालत गेले, त्या टोकाला वाकले. पुन्हा एकदा वाकले. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"नियमापेक्षा चार बोटं जास्तच आहे," ते म्हणाले. "पण इथे एवढं ओलं कशाने?"

"घासल्याशिवाय हिला चैन पडत नाही, साहेब," काका म्हणाले.

संध्याकाळी काकांनी दोरी सगळ्यात उंच खिळ्याला टांगली. मग जरा विचार केला, आणि स्टूलही कुलपात ठेवलं.