त्या बाईला कोणी विचारले नाही

मलकापूरच्या बसस्थानकावर उतरले की सरकीच्या ढेपेचा वास येतो, आणि दर वेळी तीच दुपार आठवून मला स्वतःचाच वैताग येतो.

मी तेव्हा मानसशास्त्रात एम.एस्सी. करत होते. ढेपेच्या गोदामाशेजारच्या वाचनालयात एक गाजलेला जुना युरोपीय चित्रपट दाखवत होते. एक निवृत्त मास्तर प्रत्येक प्रसंगाला चित्र थांबवून मराठीत अर्थ सांगत. नायिकेला भास होऊ लागले, तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, "ही बाई येडी झाली, बस." सभागृह हसले. माझ्या शेजारी आत्या बसली होती. तिच्या भासांवरच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या.

मी ताडकन उठले आणि चित्रपटातली लक्षणे शास्त्रीयदृष्ट्या कशी चुकीची आहेत, हे मुद्देसूद सांगितले. घरी जातानाही माझे व्याख्यान चालूच होते.

"हाव, समजलं," आत्या म्हणाली. "पन त्या सिनेमात डॉक्टर बोलला, नवरा बोलला. त्या बाईले कोनी काही इचारलं नाही. अन् तो काळा नोकर तं निस्ता ट्रे घेऊन उभा. काऊन?"

"तेच तर मी सांगत होते, आत्या!"

"तू तरी मले कुठी इचारलं, बाई?"

आज रुग्णांसाठी प्रश्नावल्या तयार करणे हे माझे काम आहे. 'तुम्हाला नेमके काय होते?' हा त्यातला पहिला प्रश्न मी कितीतरी अनोळखी माणसांना विचारला आहे. आत्याकडे मात्र मी गोळ्यांची पाकिटे तपासते, चार सूचना देते आणि परतीची बस पकडते.