आज चिकन नको

काउंटरच्या पलीकडून उजवा तळहात वर यायचा, वाहतूक पोलिसाचा येतो तसा. पाठोपाठ शब्द यायचे, "ह्या नको. दुसरा कायतरी घेवा."

कुडाळला स्टेशनच्या रस्त्यावर बर्गर-पिझ्झाचं एक लहानसं दुकान आहे. मी तिथे पहिल्यांदा गेलो, चिकन बर्गर मागितला आणि त्या हाताने मला असंच अडवलं.

"कित्याक?" मी विचारलं.

"चिकन कालचा आसा. फ्रीजात ठेवलेला, वायट नाय. पण आजचा नाय."

मी उडालोच. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. पंधरा वर्षं सिंधुदुर्गातल्या डॉक्टरांच्या दारात उभा राहून माल खपवतोय. स्वतःच्या दुकानातला माल घेऊ नका असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारं माणूस मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. मालक मागे पिझ्झाच्या भट्टीजवळ उभा होता. त्याने नुसता कपाळाला हात लावला.

तुम्ही म्हणाल, बाई नवीन असेल. छे, दुकान उघडल्या दिवसापासून ती तिथेच होती. पन्नाशीची, काटक, गळ्यात बारीक क्रूस. दुकानाचा लाल टी-शर्ट ती झग्यावरून घालायची, पण टोपी काही केल्या डोक्यावर चढली नाही. सगळे तिला काकी म्हणत. मीही म्हणू लागलो, वयाने फार तर सात-आठ वर्षांनी लहान असूनसुद्धा.

एकदा कोल्हापूरकडची आठ माणसं गाडीतून उतरली. मालवणला निघालेली, पोटात कावळे ओरडत असलेली. त्यांनी आल्या आल्या आठ फिश बर्गर मागितले. हात वर आला.

"तुमी मालवणाक जातास ना? मगे मासे थंय खावा. ह्या आमचा पेटीतला आसा, बर्फातला."

आठही माणसं तिच्याकडे बघत राहिली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना वाटलं, बाई आपल्याला हाकलतेय. ते रागाने दाराकडे वळलेसुद्धा. तेवढ्यात ती म्हणाली, "आज तेल नवा घातला. बटाटे खावा, वडे खावा." मंडळी बसली, पोटभर खाऊन गेली आणि परतीच्या वाटेवर पुन्हा थांबली. हे दुसऱ्या वेळचं मला मालकानेच सांगितलं, जरा नाइलाजाने.

कॉलेजची पोरं तर मेनूकार्डकडे बघतच नसत. आत शिरतानाच विचारायची, "काकी, आज काय खाऊ?" ती एखाद्याला पिझ्झा सांगायची, एखाद्याला घरी जा म्हणायची. एका मुलीने तिसऱ्यांदा कोल्ड्रिंक मागितलं तेव्हा तिने बाटली परत फ्रीजमध्ये ठेवली आणि तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मलाही तिने सोडलं नाही. "तुमी लोकांक औषधा इकतास आणि हयसर येवन आपला पोट बिघडवतास," असं म्हणून माझ्या बर्गरमधलं मेयोनीज ती परस्पर कमी करायची. घरी बायकोचं ऐकत नाही, पण हिच्यापुढे माझी बोलती बंद.

मालक वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तिच्या तोंडामुळे तो रोज कपाळाला हात लावायचा, पण तिची एक अडचण त्याने कायम सांभाळली. तिचं घर दुकानाच्या मागच्या पाणंदीत, तिसरं. घरात सासू अंथरुणाला खिळलेली. नवरा वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर. रोज एक वाजता ती टी-शर्ट काढून पाणंदीने घरी पळायची, सासूला पेज भरवायची, तिला कुशीवर वळवायची आणि अर्ध्या तासात परत काउंटरवर हजर. "असा मदीच घराक सोडणारा काम माका दुसरीकडे कोण देतलो?" असं ती मला एकदा म्हणाली होती. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

आता माझ्या खोडीविषयी. मोबाइलवर नकाशाचं अ‍ॅप असतं ना, त्यावर मी अभिप्राय लिहितो. हॉटेल, पेट्रोल पंप, सलून, काही सोडत नाही. खरं नाव देत नाही, एक टोपणनाव घेतलंय. माझं लिहिणं हजारो लोक वाचतात असं ते अ‍ॅप मला दर महिन्याला कळवतं आणि त्या दिवशी मी घरात जरा ताठ चालतो. तर एके दिवशी तिच्या प्रेमापोटी मी त्या दुकानाला पाच तारे दिले आणि लिहिलं, 'चव ठीकठाक. पण काउंटरवरच्या काकी लाखात एक. चिकन कालचं असेल तर स्वतःहून सांगतात आणि खाऊ देत नाहीत. असा प्रामाणिकपणा शहरात शोधून सापडणार नाही.' लिहून झाल्यावर मी ते स्वतःच दोन-तीनदा वाचलं. फार छान जमलंय असं वाटलं.

मग आंबोली, सावंतवाडीकडची कामं निघाली. तीन आठवड्यांनी परत त्या दुकानात शिरलो तर काउंटरवर मालक उभा होता. दुकानात तीनच माणसं.

"काकी खंय?"

"काढलंय तिका," तो म्हणाला. त्याने माझ्यापुढे मोबाइल धरला. माझाच अभिप्राय. "कोण शाणो आसा कोण जाणा. पाच तारे दिल्यान आणि माझा दुकान बसवल्यान. लोक फोन करून इचारतत, आज चिकन कालचा काय आजचा? परवा तपासणीक साहेब इलो, तोवय ह्याच वाचून."

मी मोबाइल त्याच्या हातातून घेऊन परत वाचला. तोच अभिप्राय, तेच पाच तारे.

"मिया तिका हात जोडलंय," मालक पुढे म्हणाला. "म्हटलंय, एवढाच कबूल कर, ह्याच्याफुडे गिऱ्हाइकाक काय एक सांगूचा नाय. ती म्हणता, माका इचारल्यार सांगतलंय. मगे मी काय करू?"

लिहिणारा मीच, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि एक चहा मागितला.

गाडीत बसून पहिल्यांदा तो अभिप्राय पुसून टाकला. काही उपयोग नव्हता, पण बोट थांबेना. घड्याळात एक वाजला होता. म्हटलं, आता ती नक्की घरी असणार, सासूला भरवत असणार. जाऊन पाय धरावेत. पाणंदीने गेलो. तिसऱ्या घराच्या दाराला बाहेरून नुसती कडी घातलेली. काढून आत डोकावलो.

"इलंस गो?" आतून बारीक आवाज आला.

खिडकीजवळच्या खाटेवर म्हातारी पडली होती. नजर अधू असावी, कारण मी अगदी जवळ जाईपर्यंत ती सुनेचीच वाट बघत राहिली. स्टुलावर झाकलेली पेज होती, पण स्टूल तिच्या हातापासून दोन वीत लांब. तिने हात पुढे करून करून चादर ओढली गेली होती.

मी दुकानाचं नाव सांगितलं तशी ती निर्धास्त झाली. सून कुठे, विचारलं.

"काजूच्या कारखान्यात. सकाळी जाता ती सांजेक येता. दुपारची सोडनत नाय. शेजारीण येता भरवक, पण आज बाजार आसा, ती थंय गेली."

मी उशी सरळ केली, तिला टेकवून बसवलं आणि पेज भरवू लागलो. गार झाली होती, तरी ती घाईघाईने गिळत होती. चार-पाच चमचे पोटात गेल्यावर तिला बोलायचं सुचलं.

"तुमी दुकानात कामाक?"

"नाय, गिऱ्हाईक."

तिचा चेहरा उजळला. "मगे तुमका ठावक असतला. एका गिऱ्हाइकान मोबाइलात आमच्या सुनेचा लय बरा लिवल्यान. तिना माका दोनदा वाचून दाखवल्यान. वाचताना रडली. आमच्या घरातल्या कोणाचा असा कोणी कधी लिवक नाय."

मी चमचा भरला. थोडी पेज चादरीवर सांडली.

"काम गेला, तरी म्हणता, त्याचो काय दोष नाय, त्याना खरा ता लिवल्यान. गावलो तर घराक बोलवन जेवक घालतलंय म्हणता." म्हातारीने मान माझ्याकडे वळवली. "कोण तो? तुमका म्हायत आसा?"

"नाय," मी म्हटलं आणि चमचा तिच्या तोंडाशी नेला.