पालथ्या करट्या

आमच्या किनाऱ्यावर विनाकारण चालणारा माणूस म्हणजे एकतर वेडा, नाहीतर घरात भांडून निघालेला. मी दोन्ही नव्हतो. मुंबईत छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता छाती बिघडली, खोकल्यातून रक्त पडलं आणि मी गाशा गुंडाळून घरी आलो. अठ्ठावन्न-एकोणसाठची गोष्ट. घाटावरच्या दवाखान्यात खाट रिकामी झाली की बोलावणं येणार होतं. तोवर सकाळ-संध्याकाळ समुद्राच्या हवेत चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

चाला म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? वाडीतून निघालं की प्रत्येक अंगणातून एकच प्रश्न यायचा, "खंय?" आणि 'कुठेच नाही' हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. म्हणून मी हातात पिशवी घ्यायला लागलो. पिशवी दिसली की माणूस बाजाराला निघाला असं लोक धरून चालतात. ती अगदीच रिकामी लोंबू नये म्हणून माझ्या वाटणीची अर्धी भाकरी मी जेवायच्या आधीच काढून तिच्यात टाकायचो. महिनाभरात माझं दुखणं वाडीभर झालं आणि 'खंय' बंद झालं. मी दिसलो की बायका अंगणातून घरात जायच्या. ज्या प्रश्नाचा मला इतका वैताग यायचा, त्याची मी वाट बघायला लागलो.

शेजारची काकी तेवढी घरात जायची नाही. लहानपणी मी तिच्या चुलीपुढे बसून जेवलोय. ती मला चहा द्यायची, पण करटीत. करटी म्हणजे नारळाची अर्धी कवटी. कप परत घासून घ्यावा लागतो, करटी फेकून देता येते. मी अंगणाच्या कडेला उभा राहून तो चहा प्यायचो आणि बरा झालाय म्हणायचो. आतून मात्र जळायचो. घरीही माझं ताट वेगळं, अंथरूण पडवीत आणि चार वर्षांची मुलगी दोन हात लांब.

कुत्र्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा माडाच्या बागेतला कानतुटका काळा माझ्यामागे आला. मग शाळेच्या वळणावरचे दोघे भाऊ आले, ते कायम एकमेकांवर गुरगुरायचे. मग एक म्हातारा पांढरा आला, त्याला दिसत कमी होतं आणि तो पिशवीच्या वासावर चालायचा. शेवटी तांबडी. ती आधी आठ दिवस वीस पावलं मागे राहून चालली. माणूस पारखून घेत होती बहुतेक. नवव्या दिवशी मी दमून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जुन्या होडीला टेकलो, तेव्हा ती येऊन माझ्या पायावर हनुवटी टेकून बसली. तीन महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. मी रडलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

आमच्या वाडीतली कुत्री कुणा एकाची नसत. प्रत्येक कुंपणाशी कुत्र्यासाठी एक करटी ठेवलेली असे. तिच्यात उरलेली पेज, भाताची शितं, माशाचे काटे पडत. कुठल्या कुत्र्याची कुठली दारं हे ठरलेलं असे आणि कुत्रीही ते पाळत. तांबडीची सात दारं होती, त्यातलं एक काकीचं आणि एक आमचं. तिला माझ्या भाकरीची गरज नव्हती. म्हणूनच तिचं येणं मला खरं वाटायचं. होडीपाशी मी तिच्याशी छापखान्याबद्दल बोलायचो, मुलीबद्दल बोलायचो. ऐकता ऐकता ती झोपून जायची.

चैत्रात बाजारात एका पिसाळलेल्या कुत्र्यानं वासराला चावा घेतला. पंचायतीनं दवंडी पिटली की ज्याचं कुत्रं असेल त्यानं गळ्यात पट्टा बांधावा, बिनपट्ट्याच्या कुत्र्यांना औषध घालण्यात येईल. औषध घालायचं म्हणजे विष घालायचं. दुसऱ्याच आठवड्यात शिपाई वाड्यावाड्यांतून फिरायला लागला. कानतुटका गेला, दोघे भाऊ एकाच दुपारी गेले. म्हाताऱ्या पांढऱ्याला तर तुकडा कुणी टाकला हेही दिसलं नसेल. तांबडीला वाचवायचं म्हणून मी माझ्या खाकी मफलरची कड फाडली आणि तिच्या गळ्यात बांधली. शिपाई आला, त्यानं मफलर ओळखला, मान हलवली आणि पुढे गेला. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मफलर शिपायानं ओळखला तसा सगळ्या वाडीनं ओळखला. तो मी गावी आल्यापासून तोंडाला गुंडाळत होतो. क्षयाच्या माणसाचं फडकं गळ्यात घालून कुत्री दारोदार फिरतेय, हे पोराबाळांच्या घरात कोण चालवून घेणार? मला हे सुचायला हवं होतं. माझ्या वाऱ्याला उभं न राहणारे लोक मी रोज बघत होतो. पण आपल्या अंगावरचं कापड मायेनं दुसऱ्याला बांधताना माणसाला आपला आजार आठवत नाही.

दवाखान्याचं बोलावणं आलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी वाडीतून चालत होतो, तर काकीच्या कुंपणाशी करटी पालथी दिसली. तिच्या पुढच्या घरची पालथी, त्याच्या पुढचीही. मी मोजत गेलो. सातांपैकी सहा दारांवर करट्या पालथ्या होत्या. आमची एकटी सरळ होती. तांबडी बाजूनं चालत होती. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या आणि मी इतके दिवस ते उन्हाळ्यावर ढकलत होतो.

होडीपाशी बसून मी तिच्या गळ्याची गाठ सोडली. मोकळी झाल्यावर तिनं अंग झाडलं. पण शिपायाची फेरी अजून आठ दिवस चालायची होती आणि माझी गाडी पहाटेची होती. फडकं ठेवावं तर उपास, काढावं तर विष. मी गाठ परत बांधली. घरी येऊन बायकोला सांगितलं की आठ दिवस तू तिला खायला घाल, फेरी संपली की फडकं सोडून जाळून टाक, मग वाडी तिला परत घेईल. तिनं मुलीला उचलून काखेत घेतलं. मग म्हणाली, "बरां. सोडतंय मी." पहाटे तांबडी एसटीमागे ओढ्यापर्यंत धावत आली. कणकवली येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघितलं नाही.

अकरा महिन्यांनी मी बरा होऊन आलो. सुया टोचून घेतल्या, वजन वाढलं, छाती साफ असल्याचा कागद मिळाला. घरात पाऊल टाकल्यावर मुलगी जवळ आली आणि तिला कुणी मागे ओढलं नाही. त्या आनंदातही मी तांबडीचं विचारलं. बायकोनं काही लपवलं नाही. फेरी संपल्यावर ती फडकं सोडायला गेली होती. "हात फुडे केलंय मी," ती म्हणाली, "पण चेडू काखेत होतां." काखेतल्या मुलीला घेऊन त्या दिवशी ती तशीच मागे फिरली आणि पुढे वाडीतल्या बायका कुरकुरायला लागल्यावर तिनं आमचीही करटी पालथी घातली. तांबडी सकाळ-संध्याकाळ आमची तीच वाट एकटी चालायची, होडीपाशी थांबायची आणि परत यायची. आषाढात ती होडीखालीच मेलेली सापडली. फडक्याला हात लावायला कुणी धजेना, म्हणून लांब बांबूनं ढकलत नेऊन वाळूत पुरली.

मी बायकोला वाटेल ते बोललो. मग मी तरातरा काकीकडे निघालो. तिला विचारायचं होतं की सात पिढ्या कुत्र्यांना पेज घालणाऱ्या घराला एक कुत्री जड का झाली. काकी कुंपणाशीच होती. तिथली करटी सरळ होती आणि एक नवं पिल्लू तिच्यात तोंड घालून उभं होतं. तिनं मला हाताला धरून घरात नेलं, चुलीपुढच्या पाटावर बसवलं आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीत चहा दिला. मी काही विचारायच्या आधी तीच बोलली.

"माका भय वाटला ता त्या फडक्याचा. कुत्रीचा नाय रे."

फडकं माझं होतं. तिनं मला आणि तांबडीला एकाच भीतीनं बाहेर ठेवलं होतं, आणि कागद मिळाला म्हणून मी एकटा आत आलो होतो. कप खाली ठेवून उठून जावं असं फार वाटलं. पण दीड वर्षानं मी कुणाच्या तरी घरात, चुलीच्या उबेत, कपातून चहा पीत होतो. तो सगळा चहा मी प्यायलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.