हँडल कोनाकडं हाय?

आधी तळहात यायचा, थेट तुमच्या नाकाखाली. त्याच्यामागून माणूस. तळहात एवढा रुंद की त्यावर दोन पापलेटं शेजारी शेजारी झोपली असती आणि एकमेकांना लागली नसती. डिझेलनं काळा पडलेला, खाऱ्या पाण्यानं भेगाळलेला. तो तसाच पसरलेला ठेवून तो विचारायचा, "हँडल कोनाकडं हाय?"

या प्रश्नाला त्याला एकच उत्तर चालायचं. जो माणूस मशीनच्या पोटात जाणार, त्यानं कमरेला हात लावून म्हणायचं, "माझ्याकडं." दुसरं काही बोललात तर तो तिथंच ठाण मांडून बसायचा.

हा प्रश्न त्यानं कोणाला विचारला नाही ते सांगणं सोपं. बोईसरच्या रस्त्यात एसटी बंद पडली आणि ड्रायव्हर गाडीखाली शिरला, तर हा खिडकीतून उतरून ड्रायव्हरच्या खिशात इंजिन फिरवायचं हँडल कोंबून आला. पालघरला दात काढायला गेला, तेव्हा खुर्चीत बसण्याआधी त्यानं डॉक्टरची पक्कड मागून घेतली आणि स्वतःच्या कमरेला खोचली. म्हणाला, "खालचा मानूस मी. पक्कड माज्याकडं राहील." डॉक्टरनं दात राहू दिला. मी हे समोर उभं राहून पाहिलेलं नाही, पण तो दात मी पाहिलाय.

आम्ही त्याला तांडेल म्हणायचो. तांडेल म्हणजे होडीचा मुखत्यार. मस्टरवर त्याचं दुसरं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली तर तो मागं वळून बघायचा नाही. माणूस सातपाटीचा. होड्यांना डिझेल इंजिनं बसली तेव्हा किनाऱ्यावर ज्यांनी ती पहिल्यांदा खोलली आणि पुन्हा जोडली, त्यांतला. साठ सालानंतर आमच्या भागात जिकडेतिकडे रस्ते आणि पूल निघाले. तारापूरकडच्या एका खाडीवर पुलाचं काम चाललं होतं. कंत्राटदाराला इंजिनाला न घाबरणारा माणूस हवा होता. तांडेल होडी सोडून तिथं मेकॅनिक म्हणून का आला, ते मात्र त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

मी पालघरचा, मिक्सरवर होतो. काँक्रीट कालवायचा मिक्सर तुम्ही पाहिला असेल, मोठं पोट असलेला लोखंडी पिंप. आमचे दोन होते. त्यांची इंजिनं हँडल मारून चालू करायची, आणि एकाचं हँडल दुसऱ्याला लागायचं नाही. काम थांबलं की पिंपाच्या आतल्या पात्यांवर काँक्रीट धरायचं आणि दगड व्हायचं. मग छिन्नी-हातोडा घेऊन कोणीतरी आत रांगत जायचं आणि ते फोडायचं. आतला माणूस बाहेरून दिसत नाही. कोणी इंजिनाला हँडल मारलं, की आतला माणूस आणि खडी यांत पिंपाला काही फरक कळत नाही.

सुरक्षेचे धडे द्यायला मुंबईहून एक साहेब यायचे. त्यांच्याकडं इंग्रजी पुस्तक होतं, त्यात गोऱ्या माणसांची चित्रं. चित्रातल्या माणसांच्या पायात गुडघ्यापर्यंत बूट. आमच्यातल्या निम्म्यांच्या पायात चपला होत्या आणि निम्म्यांच्या पायात पाय. साहेब वाचायचे, आम्ही झोपायचो. एकदा तर साहेबही झोपले आणि धडा त्या दिवशी सगळ्यात चांगला झाला. शेवटी कंटाळून ते तांडेलाला म्हणाले, "तूच शिकव यांना."

तांडेलानं पुस्तक उघडलं नाही. त्यानं मला पिंपात घातलं आणि शेजारचा मिक्सर चालू केला.

"आता आतून वरड," तो म्हणाला. "सुपरवायझरला काय वाटंल ते बोल."

अशी संधी कोण सोडणार. सुपरवायझर पिंपापासून चार पावलांवर उभा होता. मी त्याच्या सात पिढ्या घेतल्या. आठवी पुढं जन्माला यायची होती, तिलाही सोडलं नाही. बाहेर आलो तेव्हा घसा बसला होता आणि सुपरवायझर शांतपणे पान खात होता.

"काय ऐकलात?" तांडेलानं सगळ्यांना विचारलं.

कोणी काही ऐकलं नव्हतं.

"आतलं वरडनं बाहेर येत नाय. म्हनून आत जानाऱ्यानं हँडल घेऊन जायाचं." मग त्यानं सातपाटीची चाल सांगितली. होडीच्या पंख्यात जाळं अडकलं की एक जण सुरी घेऊन पाण्यात उतरतो. उतरण्याआधी तो तांडेलासमोर हात पसरतो. तांडेलानं इंजिनाचं हँडल काढून त्याच्या हातावर द्यायचं, त्यानं ते सुतळीनं कमरेला बांधायचं आणि मग बुडी मारायची. तो वर येईपर्यंत होडीवर कोणाचा हुकूम चालत नाही, तांडेलाचासुद्धा नाही. "एक मशीन, एक हँडल. दुसरं ठेवायाचं नाय. दुसरं ठेवलं म्हंजे पयलं कमरेला बांदून काय, पूजा करायाची?"

धडा तेवढाच. साहेबांनी पुस्तक पिशवीत घातलं ते पुन्हा बाहेर काढलं नाही.

पुढं जे झालं त्याला कारण मी. लपवण्यात अर्थ नाही, तिथं असलेले लोक अजून आहेत. एके दिवशी दुपारी पिंप साफ करून मी बाहेर आलो आणि कमरेचं हँडल तसंच ठेवून थेट पालघरला चुलतभावाच्या लग्नाला निघून गेलो. अंतरपाट धरायला वाकलो तेव्हा हँडल भटजींच्या पायावर पडलं. मंगलाष्टकांतलं एक कडवं त्या लग्नात कमी आहे, ते त्यामुळं. इकडं मिक्सर दुसऱ्या दिवशी मी येईपर्यंत उभा. सुपरवायझरनं मला जे ऐकवलं ते पिंपातून बोलला असता तरी ऐकू आलं असतं. पण नुसतं बोलून तो थांबला नाही. बोईसरच्या लोहाराकडून त्यानं दुसरं हँडल करून आणलं आणि आपल्या टेबलाखाली ठेवलं.

तांडेलाला कळलं तेव्हा तो टेबलापाशी गेला आणि तळहात पसरला. सुपरवायझर म्हणाला, "जा, काम कर."

"ते तोडून टाका, सायेब."

"तुझ्या माणसानं काम बुडवलं. आता मी तुझ्या कोळीवाड्याच्या पद्धतीनं पूल बांधू?"

"पूल तुमी कसापन बांदा," तांडेल म्हणाला. "मानूस कसा बांदनार?"

महिना गेला असेल. खाडीतल्या मधल्या खांबाच्या पायात काँक्रीट ओतायचं होतं. ओहोटीला सुरुवात करायची, भरतीचं पाणी चढायच्या आत संपवायचं. सकाळपासून दोन्ही मिक्सर चालू. मनोरकडच्या पाड्यांवरून आलेल्या बाया डोक्यावर घमेली घेऊन फळ्यांवरून खाली जात होत्या. अर्ध्याच्या पुढं काम गेलं आणि माझ्या मिक्सरच्या पात्यांवर काँक्रीट धरलं. पिंप अडखळायला लागलं. इंजिन बंद केलं, हँडल कमरेला बांधलं, तांडेलाच्या तळहातासमोर "माझ्याकडं" म्हणालो आणि आत शिरलो.

आत अंधार, तोंडाशी उजेडाचा एक गोल. मी ठोकत होतो. मधेच तो गोल विझला. बघतो तर पिंपाच्या तोंडात कोणीतरी पाठ करून बसलंय. तांडेल. पाय बाहेर सोडलेले, बुड आत, जसं काही चिंचणीच्या किनाऱ्यावर हवा खायला आलाय. पुढचं बोलणं मी त्याच्या पाठीतून ऐकलं आणि पाठ रुंद असली तरी आवाज पोचत होता.

"खाली उतर," सुपरवायझर म्हणत होता. "मिक्सर चालू करायचाय."

"आत मानूस हाय."

"आत कोणी नाही. मी हाक मारली, कोणी ओ दिली नाही."

आतून मी ओ दिली. तांडेलाच्या पाठीला ती लागली असेल.

"भरती येतेय," सुपरवायझर ओरडला. "पाणी चढलं तर खांब जाईल. सगळ्यांना घरी पाठवीन."

"भरतीला अजून लय टाइम हाय, सायेब. ती मला इचारून येते." आणि तांडेलानं बिडी पेटवली. धूर आत माझ्याकडं आला.

सुपरवायझरनं लोहाराचं हँडल इंजिनाला लावलं. लोखंडात लोखंड बसल्याचा आवाज मी आतून ऐकला. तो आवाज मला अजून येतो, जेवताना, बोलताना, कधीही. माझ्या कमरेला हँडल होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता.

"फिरवा," तांडेल म्हणाला. आवाज चढवला नाही. "पयले कसं लागतं तेवडं ऐकून घ्या. मी फिरवलंय एकदा, म्हनून सांगतो. माजा मेव्हना होता पान्यात, जाळं सोडवत. हँडल त्याच्या कमरेला. माज्याकडं दुसरं होतं, लपवलेलं. मासळीचा बाजार उठंल म्हनून मला घाई. वाटलं, तो पलीकडून वर आला. फिरवलं. हाताला जरा जड गेलं. मला वाटलं, इंजिन थंड हाय. एवडंच कळतं, सायेब. इंजिन थंड हाय, असं वाटतं."

बिडीचा धूर पुन्हा आत आला.

"जिवंत हाय तो. एका पायावर हाय. मी तिथं होतो तवा रोज सकाळी माज्या दारावरनं जायाचा, मला रामराम करायाचा. शिव्या घातल्या असत्या तर मी होडीवर राह्यलो असतो."

मग टप्पकन आवाज झाला. नंतर कळलं, घमेल्यांच्या रांगेत पुढं असलेल्या बाईनं घमेलं फळीवर ठेवलं होतं. तिचं नाव जानकी. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तो मानूस भायेर येस्तोवर मी नाय उचलायची." मागच्या बायांनीही ठेवली. मग शेजारचा मिक्सर घरघरून बंद पडला. त्याच्यावरच्या गड्यानं हँडल काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं कमरेला खोचलं. पायातलं पाणी उपसणाऱ्या पंपवाल्यानं पंप बंद केला. त्या जागी मी दोन वर्षं काम करत होतो, पण तिथं समुद्राचा आवाज येतो हे मला त्या दिवशी पिंपात बसून कळलं.

सुपरवायझरनं हँडलवरचे हात काढले. तांडेल उतरला, त्याच्यासमोर गेला आणि तळहात पसरला. किती वेळ तो हात तसा होता कोण जाणे. मी तोवर पाती साफ करून बाहेर आलो होतो आणि सुपरवायझरनं मला पाहिलं. पिंपातून एक एक अवयव निघावा तसा मी निघालो, आधी हातोडा, मग डोकं. त्याचं तोंड पांढरं झालं. त्यानं हँडल उपसून तांडेलाच्या हातावर ठेवलं.

मग आम्ही जे काम केलं तसं कोणी बघितलं नसेल. जानकी तर दोन-दोन घमेली घेऊन जात होती असं मी सांगतो, आणि ती असती तर तीन म्हणाली असती. शेवटचं घमेलं रिकामं झालं आणि नंतर बरंच उशिरा पाणी चढलं, तांडेलानं सांगितलेल्या वेळेला, आज्ञाधारकपणे.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर त्याला म्हणाला, "माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं कशाला," तांडेल म्हणाला, "आजच जातो." आणि लोहाराचं हँडल कमरेला बांधून तो किनाऱ्याकिनाऱ्यानं सातपाटीकडं चालायला लागला. मधे खाड्या आहेत. त्यांनी वाट दिली असणार.

तो गेल्यावर सुपरवायझर पुन्हा लोहाराकडं गेला होता. लोहारानं विचारलं, आधीचं कुठं आहे. खाडीवरची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. त्यानं भट्टी पेटवली नाही. पूल पुरा होईपर्यंत आमच्याकडं एका मशीनला एकच हँडल होतं. नवीन माणूस आला की मी तळहात पसरायचो. माझा तळहात लहान, एक पापलेट कसंबसं मावेल, पण काम भागायचं.

दोन पावसाळे गेले. तांडेल वारला असं पालघरच्या बाजारात एका मासळीवालीकडून कळलं, तेव्हा मी सातपाटीला गेलो. दिवस होऊन गेले होते. तांडेलाच्या घराबाहेर एक जण जाळं दुरुस्त करत बसला होता. कुबडी शेजारी आडवी. मी कोण ते सांगितलं. त्यानं मला बसायला ओटा दाखवला.

"पिंपातलेच ना तुमी," तो म्हणाला. "सांगायचा तो. परत इथं आला तवा पयला माज्या दारात आला. ते हँडल माज्या पुढ्यात ठेवलं आनि बसून राह्यला."

"ते कुठं आहे आता?" मी विचारलं. वाटलं, निदान हातात घेऊन बघावं.

त्यानं जाळ्यातला दोरा दातानं तोडला.

"त्याच्याबरोबर दिलं. मी माज्या हातानं त्याच्या कमरेला बांदलं. राख पान्यात सोडली तवा तेपन सोडलं." त्यानं खाडीच्या तोंडाकडं बघितलं. एक होडी निघत होती. "खाली तो गेलाय. हँडल त्याच्याकडंच पायजे. आता वरनं कोन फिरवनार नाय."