शुद्ध प्रत

मी कळंबच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. शिकवते म्हणजे काय, निबंध फळ्यावर लिहिते आणि पोरं तो उतरवून घेतात. मीही अशीच शिकले. सेमीकोलन कुठं, कोलन कुठं, हे मला कुणी समजावलंच नाही. सरांच्या निबंधात जिथं होता तिथं मी दिला आणि मार्क पडले. पुढं बी.एड.ला गेल्यावर कुठं उलगडा झाला.

नऊ वर्षांपूर्वी दहावीतली एक पोरगी पुण्याच्या निवासी कॉलेजचा फॉर्म घेऊन आली. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट, पण फॉर्म एकदाच भरता येतो. वडील मोंढ्यात हमाली करायचे, त्यामुळं तिला दुसरी वाट नव्हती. स्वतःबद्दल इंग्रजीत एक पान लिहायचं होतं, ते तिनं लिहून आणलं होतं. सेमीकोलन तर ज्वारी पेरावी तसे पेरलेले! माझं डोकंच फिरलं.

खरं तर दोनच गोष्टी सांगायच्या होत्या. दोन पुरी वाक्यं एकमेकांना धरून असतील तर मधे सेमीकोलन. पुढं काहीतरी येतंय असं आधी कबूल केलं असेल तर कोलन. दहा मिनिटांचं काम. पण माझी एसटी चुकत होती. म्हटलं, ठेव कागद, मी शुद्ध प्रत करून देते.

दुसऱ्या दिवशी दिली. एक चिन्ह इकडचं तिकडं नव्हतं. तिचं एक वाक्य मात्र मी गाळलं होतं: 'वडील दिवसभर लोकांची पोती उचलतात; घरी आले की धाकटीला उचलतात.' हे असलं घरगुती कशाला, असं मला वाटलं. अख्ख्या पानात त्या वाक्यातला तेवढा एकच सेमीकोलन बरोबर जागी होता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

मुलाखतीत तिला विचारलं, हे तूच लिहिलंस का. पोरगी खोटं बोलली नाही. मॅडमनी लिहून दिलं म्हणाली. झालं, तिथंच संपलं. परत येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रारसुद्धा नव्हती. त्याचीच मला जास्त लाज वाटली. आता ती कापडाच्या दुकानात काम करते.

यंदा ती धाकट्या बहिणीला घेऊन शाळेत आली. तोच फॉर्म, तसाच हातानं लिहिलेला कागद. मी सवयीनं हात पुढं केला. तिनं कागद दिला नाही.

"मॅडम, हिला लिहून देऊ नका," ती म्हणाली. "शिकवा तेवढं."

मला तिच्याकडं बघवेना. धाकटीला पुढच्या बाकावर बसवलं आणि खडू घेतला. दहा मिनिटंच लागली. थोरली दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.