सोमलिंग मिस्त्रीचं सोड्याचं पिंप

सोमलिंग मिस्त्रीसारखा हट्टी माणूस अख्ख्या शुक्रवार पेठेत दुसरा नाही. त्याच्या गॅरेजसमोरच माझं स्पेअर पार्टचं दुकान, तेव्हा चाळीस वर्षं सोसून सांगतोय. ट्रॅक्टर असो की ट्रक, इंजिन खोललं की त्याचा एकच नियम: आधी आंघोळ. म्हणजे कास्टिक सोड्याच्या उकळत्या पिंपात उकडून काढायचं. तेल, काजळी, सगळं साफ. बिडाची इंजिनं ती, त्यांना काय होतंय?

गेल्या उन्हाळ्यात मोहोळच्या उदयसिंहांनी त्याच्याकडं एक इंजिन आणलं. या गड्याला जुन्या गाड्यांच्या शर्यतीचा नाद. गाडी अमेरिकेची, साठ वर्षांपूर्वीची. इंजिन आठ सिलिंडरचं, सात लिटरचं, भलतंच धूड. पण मी आणि सोमलिंगनं मोकळा ब्लॉक उचलला तर हां हां म्हणता टेबलावर! ट्रकच्या ब्लॉकला आमची कंबर मोडते.

"आतनं पोकळ हाय की काय?" मी म्हणालो.

"अ‍ॅल्युमिनियम हाय," सोमलिंग अशा तोऱ्यात बोलला, जणू ह्यानंच ओतलंय. "वजन कमी, गाडी लई पळती. तुला न्हाय कळायचं, बिरुदेव."

त्याला तरी कुठं कळत होतं! "असा दुसरा ब्लॉक अख्ख्या देशात मिळायचा नाही, मिस्त्री. महिन्यानं शर्यत आहे," एवढं बजावून उदयसिंह गेले. आणि या बाबानं लगेच पिंपाखाली जाळ लावला. इंजिनावरचं एक झाकण, तेही अ‍ॅल्युमिनियमचंच, आत सोडलं, ब्लॉक साखळीनं पिंपावर टांगला आणि माझ्याबरोबर चहा प्यायला बसला.

तेवढ्यात त्याची बायको शरणम्मा जेवणाचा डबा घेऊन आली. पिंप भसाभसा फेसाळत होतं, वर पांढुरका ब्लॉक लटकत होता. डबा तिथंच टाकून तिनं साखळी दोन्ही हातांनी धरली.

"ब्याड री, ब्याड!" संतापली की ती कानडीत शिरते. "नको म्हणते की! जर्मनच्या भांड्याला कुणी सोडा लावतं व्हय?" आमच्याकडं बायका अ‍ॅल्युमिनियमला जर्मनच म्हणतात.

"हे इंजिन हाय, पातेलं न्हवं. सोड साखळी."

"धातू तोच की! लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाईंचं पातेलं मी सोड्यात भिजवलं, पार चाळण झाली त्याची. 'संसार नासवणारी सून' म्हणून मरेपर्यंत ऐकवलं त्यांनी. आणि तो सोडा मला कुणी आणून दिलता?"

सोमलिंग वर पत्र्याकडं बघायला लागला. मग चिमट्यानं झाकण बाहेर काढलं. काळंठिक्कर, कडा कुरतडलेल्या, मधे भोक. त्यानं गुपचूप जाऊन जाळ विझवला.

ब्लॉक मग डिझेल आणि शरणम्माच्या जुन्या साडीच्या चिंध्यांनी पुसून स्वच्छ केला. पण झाकणाचं काय? चाळीस वर्षांचं नाव होतं गड्याचं. हे बाहेर कळलं असतं तर मोहोळ-मंगळवेढ्याकडचं एकही गिऱ्हाईक दारात उभं राहिलं नसतं.

"फुटकंच आलं होतं म्हण," मी सल्ला दिला. त्यानं मान डोलावली.

आठवड्यानं उदयसिंह आले. "मिस्त्री, झाकण कुठाय?"

सोमलिंगनं तोंड उघडलं. दारात शरणम्मा डबा घेऊन उभी होती. तिच्याकडं बघितलं आणि त्याचं तोंड परत मिटलं. खोटं बोलायचा सल्ला माझा, त्यामुळं मी रस्त्याकडं बघत बसलो.

"मी नासवलं," तो म्हणाला. "सोड्यात घातलं. ब्लॉकबी घालणार हुतो. हिनं साखळी धरली म्हणून वाचला."

उदयसिंह मटकन स्टुलावर बसले. ब्लॉकवरून हात फिरवला, घाम पुसला. "झाकण नवीन करून घेऊ. ब्लॉक गेला असता तर मी संपलो होतो. काकू, तुम्हाला काय देऊ सांगा."

"थांबा, अजून एक हाय," सोमलिंग मधेच बोलला. "आमच्या आईच्या पातेल्यातला सोडाबी मीच दिलता. लख्ख निघतंय म्हणलो. आई हिला बोलायली, तवा मी गप बसलो."

कुठलं पातेलं नि कुठली आई, उदयसिंहांना काही उमगेना. शरणम्मानं डबा टेबलावर ठेवला आणि डोळ्याला पदर लावला.

"अडतीस वर्षं लागली व्हय?" ती म्हणाली. "जेवा आता. गार व्हायलंय."