मी खोटा ठरवलेला चिरूट

‘हा खोटा हाये,’ मी म्हणाले आणि चिरलेला चिरूट मालकांसमोरच्या टेबलावर ठेवला.

मालकांनी विचारलं, ‘नक्की?’

‘नक्की. अन् ही कागदाची अंगठी पाहा ना, मालक. फिरून राह्यली. कोणीतरी काढून पुन्हा बसवली हिले.’

चिरुटांच्या पेटीची किल्ली माझ्या नवऱ्याजवळ असायची. तो तिथेच दाराशी उभा होता. किल्लीचं मला तोवर सुचलंच नव्हतं. मालकांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा सुचलं. मुनीम म्हणाला, ‘घ्या. घरच्याच बाईनं सांगतलं.’

हे केळापूरजवळच्या एका जिनातलं आहे. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. आम्ही धम्म घेतला त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. जिनाच्या आवारात पाहुण्यांचा बंगला होता. कापूस घ्यायला येणारे व्यापारी तिथे उतरत. नवरा त्या बंगल्याचा राखणदार. मागच्या अंगाला एक खोली आम्हाला राहायला दिली होती. तिला खिडकी होती आणि खाली फरशी होती. आमच्या पुऱ्यात, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीत, तशी खोली कोणाकडे नव्हती. मुलगी दोन वर्षांची होती. मी घरी बसून बिड्या वळायची.

मालक पारशी होते. ते शिवाशिव मानत नसत, म्हणून नवऱ्याला बंगल्याच्या आतलं काम मिळालं होतं. मुनीम मानायचा. मालक गावाला गेले की तो मला समोरच्या पायऱ्या चढू द्यायचा नाही.

मालक स्वतः बिडी-सिगरेट काही ओढत नसत. त्यांच्यात आगीला फार मान, तिला तोंड लावत नाहीत. पण मुंबईच्या एका जुन्या मित्रानं त्यांना परदेशी चिरुटांची लाकडी पेटी भेट दिली होती. मोठा पाहुणा आला की मालक त्यातला एक काढून द्यायचे. बाकी पेटी नवऱ्यानं सांभाळायची.

त्या उन्हाळ्यात एक व्यापारी उतरला होता. दुपारच्या जेवणानंतर मालकांनी त्याला चिरूट दिला. तो पेटवला, विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. पाहुणा हसून म्हणाला, ‘शेठ, हा माल फुटपाथवरचा दिसतो.’ तो त्याच्या मोटारीनं निघून गेला, पण मालकांच्या मनातून ते जाईना. मित्रानं फसवलं, की घरात कोणी चिरूट बदलले? स्वतः ओढत नाहीत, तर पारखणार कसे? मग त्यांना आठवलं की राखणदाराची बायको तंबाखूतली आहे. त्यांनी नवऱ्यालाच मला बोलवायला पाठवलं.

मुनीम म्हणाला, ‘बिड्या वळनारीले चिरूट कायले दावता, मालक? उद्या कुंभाराले सोनं दावसान.’

मालक म्हणाले, ‘तंबाखू ती तंबाखू. या बाई, वर या.’

मुनीमासमोर वर या म्हणाले. मी समोरच्या पायऱ्यांनी चढले. मालकांनी चिरूट माझ्या हातात दिला. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मी आमच्या बिडी कारखान्याच्या रीतीनं पाहिलं. आम्ही वळून दिलेल्या बिड्या कारखान्यात भट्टीवर शेकतात. तपासणारा एक बिडी कानाशी धरून चिमटतो. करकरली तर माल चांगला. नरम लागली, बुरशी दिसली, की सगळी जुडी छाटीत, म्हणजे बाद. माझी छाट पुऱ्यात सगळ्यांत कमी निघायची.

मी चिरूट कानाशी धरून चिमटला. आवाजच नाही. भिजल्या सुतळीसारखा नरम. वरच्या पानावर पांढरी भुकटी होती, ती बोटानं पुसून मालकांना दाखवली. मग त्यांना विचारून नखानं तो उभा चिरला. आमच्या बिडीत चाळलेला चुरा भरतात. ह्यात चुरा नव्हता. अख्खी पानं घडी घालून कोंबली होती. तशी बिडी कोणी वळली असती तर कारखान्यानं त्या बाईला पुन्हा वळायला पान दिलं नसतं.

‘मालक, ह्यानं तर कुटायचाही तरास घेतला नाही,’ मी म्हणाले. ‘पालापाचोळा भरला हाये.’

मुनीम हसला. माझ्या बोलण्यावर तो पहिल्यांदाच हसला होता, मला आणखी जोर आला.

नवरा दाराशी होता. तो हळूच म्हणाला, ‘मालक, ते ओलंच ठेवा लागते. मुंबईच्या सायबानं मले सांगतलं होतं. म्हणून मी ओलं फडकं ठेवतो पेटीत.’

मी त्याच्यावरच उखडले. ‘तुमाले काय समजते तंबाखूतलं? ओल लागली का तंबाखू मेली.’

मालकांनी त्याला पुढे काही विचारलं नाही, कारण मी बोलतच होते. मग मी ते खोट्याचं बोलले आणि अंगठीचं बोलले.

मालकांनी पोलीस बोलावले नाहीत. खोली सोडा म्हणाले, आजच. मी त्यांच्या पायाशी बसले. म्हणाले, ह्यांनी नाही घेतले, हे तसे नाहीत. मुनीम म्हणाला, ‘आत्ता तर म्हणे कोणीतरी बदलले. तो कोणीतरी कोण वं मंग?’

नवऱ्यानं खोलीतली भांडी बांधली, मुलीला खांद्यावर घेतलं. पुऱ्यात सासूच्या दाराशी पोहोचल्यावर म्हणाला, ‘सूप राह्यलं तुह्यं खिडकीत.’ बिड्या वळायचं सूप. ते आणायला मी गेले नाही.

मुनीमानं दुसऱ्या जिनांत सांगून ठेवलं. राळेगाव झालं, मारेगाव झालं, नवरा सायकलीनं फिरून आला. कुठेही नाव सांगितलं की विचारायचे, ‘तो चिरूटवाला का रे?’ विहिरीवर बायका मला म्हणायच्या, ‘का वं, कुठी लपवले चिरूट? आमच्या बुढ्याले एखांदा दे ना, मरायच्या आधी ओढून पाहीन बिचारा.’ त्यांची थट्टा होती. मी घागर भरून निघून यायची.

शेवटी तो वणीकडे चुन्याच्या भट्टीवर गेला. तिथे कोणी काही विचारत नव्हतं. दोन महिन्यांनी एकदा घरी यायचा. पहिल्या वर्षी डोळे लाल, दुसऱ्या वर्षी खोकला. त्यानं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात जिनातून निरोप आला, मालकांनी बोलावलं आहे. मी एकटी गेले. मालकांचा मुंबईचा मित्र आला होता, तोच पेटी देणारा. पेटी त्याच्यासमोर उघडी होती आणि तो चिरूट ओढत होता. चांगला पेटला होता. सगळ्या ओसरीत वास होता.

मालक त्याला म्हणाले, ‘ह्या बाईला सांग, मला सांगितलंस ते.’

त्यानं सांगितलं. माणूस सभ्य होता, मला खुर्ची घे म्हणाला. मी उभीच राहिले. चिरूट शेकत नाहीत, तो नरमच हवा, करकरला तर तो मेला. पांढरी भुकटी बुरशी नसते, चांगल्या पानाचं तेल वर येतं ते असतं. बुरशी असती तर निळी-हिरवी दिसली असती. आत अख्खी पानं असतात, हीच खऱ्या मालाची पहिली खूण. चुरा भरतात तो हलका माल.

‘अंगठी?’ मी विचारलं.

‘फडकं जरा जास्त ओलं झालं असेल. गोंद सुटला. म्हणूनच पेटतही नव्हता. चार दिवस पेटी कोरडी ठेवली असती तर झालं असतं.’

मालक म्हणाले, ‘चूक माझी झाली. त्याला सांगा, कामावर ये.’ मुनीम चोपड्यात डोकं घालून बसला होता.

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं भट्टीवर गेले. नवरा झाडाखाली बसला होता, काम चालू असताना. उठवत नव्हतं म्हणून. मी सगळं सांगितलं. नरम, भुकटी, अख्खं पान, सगळं.

तो म्हणाला, ‘मले ठाऊक होतं.’

‘काय ठाऊक होतं?’

‘त्या सायबानं पेटी देताना मले सगळं दाखवलं होतं. एक चिरूट कापून दाखवला होता.’

‘मंग बोलले काहून नाही?’

‘बोललो ना. तू म्हटलं, तुमाले काय समजते.’

‘मंग पुन्हा बोलाचं होतं. वरडून बोलाचं होतं.’

त्याला खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाला, ‘मालक तुले वर बोलावून राह्यले होते वं. त्या मुनीमासमोर. तुले खोटी पाडू का मी तिथी?’

मी तिथेच त्याच्याशी भांडले. एवढ्यासाठी कोणी स्वतःला चोर म्हणवून घेतं का, असं म्हणाले. आजूबाजूची माणसं काम थांबवून पाहायला लागली. तो म्हणाला, ‘बस आता. गाडी चुकन.’

मी त्याला सोबत घेऊनच आले. एसटीत तो खिडकीशी बसला होता आणि पूर्ण वाट झोपला. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की फार उशीर झाला आहे.

मालकांनी ती मागची खोली आम्हाला परत दिली. कामावर मात्र तो एक दिवसही जाऊ शकला नाही. सात आठवडे खाटेवर होता. तो वारला. मी आणि मुलगी जगलो.